'शास्ते' हा ग्रंथ कसा वाचावा : इस्राएलच्या न्यायाधीशांचा अर्थ आणि त्यांचे काम

गोव्यातील मराठी वाचकाला जुन्या कराराची, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाची, ओळख आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले आणि त्याचा पहिला भाग जुन्या करारावरच रचलेला आहे. तरीही अभ्यासक्रमात आहे म्हणून, ख्रिस्ती शेजाऱ्याशी झालेल्या बोलण्यातून किंवा निव्वळ कुतूहलापोटी जो वाचक आज जुन्या करारातील 'शास्ते' हा ग्रंथ उघडतो, तो पाच-सहा अध्यायांतच गोंधळतो. आपल्याकडे न्यायाधीश म्हणजे कोर्टात बसणारा, वकिलांचे म्हणणे ऐकून निकाल देणारा अधिकारी. पोर्तुगीज वळणाने बोलणाऱ्या घरांत त्याला 'जुईज' म्हणतात. ग्रंथात मात्र एहूद मवाबी राजाला एकांतात गाठून त्याच्या पोटात खंजीर खुपसतो, गिदोन मडकी फोडून रात्री शत्रूची छावणी उधळतो, शमशोन गाजा नगराची वेस खांबांसकट उपटून खांद्यावर नेतो. यांना न्यायाधीश कशासाठी म्हणायचे, हा प्रश्न वाचकाने ग्रंथ मिटून सोडून देऊ नये, तो हाताशी धरूनच पुढे वाचावे, कारण ग्रंथाचे कुलूप त्याच प्रश्नाने उघडते.

उत्तराची दिशा आधीच सांगून ठेवतो. मूळ हिब्रू शब्द 'शोफेत' असा आहे आणि त्याच्या धातूत तंटा मिटवणे, कारभार पाहणे आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याची सोडवणूक करणे हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. कार्थेज या फिनीशियन वसाहतीतील सर्वोच्च कारभाऱ्यांनाही याच धातूवरून आलेले नाव होते. त्यामुळे दोन शेजाऱ्यांमधील बांधाचा वाद सोडवणे आणि परक्या राजाने दाबून ठेवलेली जमात मोकळी करणे ही त्या काळच्या दृष्टीने वेगवेगळ्या खात्यांची कामे नव्हती. जे जागचे हलले आहे ते पुन्हा जागेवर बसवणे, एवढेच दोन्हींचे स्वरूप होते. मराठी अनुवादकांनी 'न्यायाधीश' न म्हणता 'शास्ते' हा शब्द निवडला, हे मला योग्य वाटते.

वाचनाची सुरुवात

ग्रंथाचे एकूण अध्याय २१. पहिल्या अध्यायापासून वाचायला बसू नये. तो इस्राएलचा पुढारी यहोशवा याच्या मृत्यूनंतर इस्राएलच्या कोणत्या वंशाने कोणती गावे घेतली आणि कोणती घेता आली नाहीत याची यादी आहे. नावे ओळखीची नसताना ती वाचणे म्हणजे उत्साह घालवणे. २:६ (दुसरा अध्याय, सहावे वचन) पासून ३:६ पर्यंतचा भाग आधी वाचावा, आणि दोनदा वाचावा. ग्रंथकर्त्याने पुढच्या सगळ्या कथांचा साचा तिथे उघड मांडून ठेवला आहे. लोक परमेश्वराला सोडून बआल दैवतांच्या मागे लागतात, तो त्यांना लुटारूंच्या हाती देतो, लोक कळवळतात, तो त्यांच्यासाठी एक शास्ता उभा करतो, शास्ता जिवंत असेपर्यंत सुटका टिकते आणि तो मेला की लोक आपल्या पूर्वजांपेक्षा अधिक बिघडतात. यातील 'पूर्वजांपेक्षा अधिक' हे शब्द (२:१९) अधोरेखित करून ठेवावेत. अनेक जण हा साचा गोल फिरणाऱ्या चक्रासारखा समजावून देतात. पण चक्र पुन्हा त्याच जागी येते, आणि हा ग्रंथ प्रत्येक फेरीला एक पायरी खाली उतरतो.

त्यानंतर अथनिएलची कथा घ्यावी (३:७-११). पाच वचनांची ही कथा इतकी नेटकी आहे की तिच्यात माणूस दिसतच नाही, फक्त साचा दिसतो. म्हणूनच ती मोजपट्टी म्हणून उपयोगी पडते: पुढच्या प्रत्येक शास्त्याच्या कथेत या साच्यातले काय गळाले, हे तिच्याशी ताडून पाहता येते.

वहीत काय लिहावे

वाचताना जवळ वही असावी आणि तिच्यात प्रत्येक शास्त्यासाठी एक ओळ राखावी. त्याचा वंश आणि मुलूख कोणता, शत्रू कोण, त्याला कोणी पुढे केले, त्याने लढून सोडवले का, त्याने लोकांचे निवाडे केल्याचे म्हटले आहे का, आणि शेवटी देशाला स्वस्थता मिळाली का, एवढे रकाने पुरेत. अथनिएल, एहूद, शमगार, दबोरा, गिदोन, तोला, याईर, इफ्ताह, इब्सान, एलोन, अब्दोन आणि शमशोन अशा बारा ओळी होतील. गिदोनाचा मुलगा अबीमलेख यांत धरू नये. तो शास्ता नव्हता, त्याने राज्य बळकावले.

वही भरत गेली की काही गोष्टी आपोआप समोर येतात. शमगारला एकच वचन मिळाले आहे. तोला, याईर, इब्सान, एलोन आणि अब्दोन यांच्या नावावर एकही लढाई नाही. त्यांनी इतकी वर्षे इस्राएलाचा न्याय केला, काहींना इतके मुलगे होते, ते अमुक गावी पुरले गेले, एवढेच सांगून लेखक पुढे जातो. याईराचे ३० मुलगे ३० गाढवांवर बसत आणि त्यांच्याकडे ३० गावे होती, हा तपशील गमतीचा वाटतो खरा, पण त्यातून घराण्याची पत आणि मुलुखावरचा वचक सांगायचा आहे. कदाचित रोजचे तंटे सोडवणारे खरे कारभारी हेच असावेत आणि शांततेच्या वर्षांची गोष्ट होत नाही म्हणून ते एका ओळीत संपले असावेत. हा माझा तर्क आहे, ग्रंथ तसे सांगत नाही.

'स्वस्थता' हा रकाना सर्वांत बोलका आहे. अथनिएलनंतर ४० वर्षे, एहूदनंतर ८०, दबोरानंतर ४०, गिदोनाच्या काळात ४०, आणि मग ते वाक्य ग्रंथातून नाहीसे होते. इफ्ताहनंतर देशाला स्वस्थता नाही, शमशोनानंतर नाही. शमशोनाच्या वेळी तर लोकांनी धावा केल्याचेही लिहिलेले नाही, आणि त्याच्याबद्दल जन्माआधीच जे सांगितले जाते ते इतकेच की तो पलिष्टी या शेजारच्या शत्रूंपासून सोडवायला आरंभ करील (१३:५).

वर्षांची बेरीज करावी, पण ती कशासाठी हे ध्यानात ठेवून करावी. दास्याची, शास्त्यांच्या कारकिर्दीची आणि स्वस्थतेची वर्षे, अबीमलेखाच्या ३ वर्षांसह, एकत्र केली तर ४१० होतात. दुसरीकडे १ राजे ६:१ मध्ये इस्राएल लोक मिसरातून (इजिप्तमधून) निघाल्यापासून शलमोन राजाच्या चौथ्या वर्षापर्यंतचा काळ ४८० वर्षांचा सांगितला आहे. या ४१० मध्ये मिसरातून निघाल्यावर रानात भटकण्याची ४० आणि दावीद राजाची ४० वर्षे मिळवली की ४९० होतात, आणि यहोशवा, शमुवेल, शौल हे मोजायचे अजून बाकीच असतात. अनेक अभ्यासकांचा यावरून निष्कर्ष असा की हे शास्ते एकामागून एक सगळ्या इस्राएलावर सत्ता चालवणारे नव्हते. ते आपापल्या मुलुखातले होते आणि त्यांतील काहींचा काळ एकमेकांवर चढलेला होता. वहीतील मुलुखाचा रकाना हेच दाखवतो: अथनिएल दक्षिणेकडचा, गिदोन मनश्शेचा, इफ्ताह यार्देन नदीपलीकडचा, शमशोन पलिष्ट्यांच्या सीमेवरचा. इतिहासकार हा काळ साधारण इ.स.पू. १२०० ते १०२० असा धरतात. मेरनेप्ताह या मिसरी फारोच्या इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात कनानातील एक लोकसमूह म्हणून इस्राएलचे नाव येते.

दबोरा : दोन अध्याय शेजारी ठेवून

बाकीचे भरभर वाचले तरी चालेल, पण चौथ्या आणि पाचव्या अध्यायासाठी एक अख्खी संध्याकाळ द्यावी. बारांपैकी प्रत्यक्ष निवाड्याला बसलेली आपल्याला दिसते ती एकटी दबोरा. ती संदेष्ट्री आहे, लप्पीदोथाची बायको आहे, आणि एफ्राईमच्या डोंगराळ मुलुखात रामा व बेथेल यांच्या मध्ये खजुरीच्या झाडाखाली बसते. इस्राएल लोक न्यायासाठी तिच्याकडे वर चढून जातात (४:४-५). लढाईची हाक तिच्याकडे आली ती त्यानंतर. निवाडा देणारी म्हणून ज्या बाईच्या शब्दाला वजन होते, तिनेच नफतालीतील बाराकाला बोलावून १०,००० माणसे घेऊन ताबोर डोंगरावर जायला सांगितले, आणि 'तू आलीस तरच जाईन' असे तो म्हणाला. शास्त्याच्या कामाच्या दोन बाजू एका व्यक्तीत कशा जुळतात हे पाहायला याहून चांगली जागा नाही.

चौथा अध्याय गद्य आहे, पाचवा जुने विजयगीत. दोन्ही पाने शेजारी ठेवावीत. गद्यात नफताली आणि जबुलून हे दोनच वंश लढायला येतात. गीतात मात्र हजेरी घेतली जाते: एफ्राईम, बन्यामीन, माखीर आणि इस्साखार हेही आले, रऊबेन मेंढवाड्यांत बसून विचार करत राहिला, गिलाद नदीपलीकडे थांबला, दान जहाजांपाशी, आशेर समुद्रकिनारी, मेरोज गावाला तर शाप दिला आहे. यहूदा आणि शिमोन यांचे नावच नाही, न येण्याबद्दलही नाही. संकटाच्या वेळी वंशांना हाक द्यायची आणि कोण आले, कोण नाही याचा हिशेब जाहीर मांडायचा, हे शास्त्याचे आणखी एक काम या हजेरीवरून कळते. त्याच्या हाती पगारी सैन्य नव्हते, कर वसुली नव्हती. लोक ऐकतील तेवढाच अधिकार. समोर कनानी सेनापती सीसरा याचे ९०० लोखंडी रथ होते, आणि गीत म्हणते त्याप्रमाणे किशोन ओहोळाने त्यांना वाहून नेले. गीताचा शेवट मुद्दाम हळू वाचावा: सीसरा याएल नावाच्या बाईच्या तंबूत तिच्याच हातून मरून पडला आहे आणि त्याची आई खिडकीत उभी राहून रथाला उशीर का होतो आहे असे विचारते. विजयगीतात शत्रूची आई आणणारा कवी साधा नव्हे.

कोर्ट मग कोठे होते?

शास्ते निवाड्याला क्वचितच बसलेले दिसतात, तर रोजचा न्याय कोण करत होते, हे पाहण्यासाठी ग्रंथ थोडा वेळ बाजूला ठेवून चार उतारे वाचावेत. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे ऐकत बसतो तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर एकेक विश्वासू प्रमुख नेमायला सांगतो. अवघड तेवढेच मोशेने पाहावे. अनुवाद १६:१८-२० मध्ये प्रत्येक नगराच्या वेशीत न्यायाधीश व अंमलदार नेमण्याची आज्ञा असून तोंड पाहून न्याय करू नये, लाच घेऊ नये, कारण लाच शहाण्याचेही डोळे आंधळे करते, असे बजावले आहे. अनुवाद १७:८-१३ प्रमाणे गावाच्या आवाक्याबाहेरचा खटला याजक आणि त्या वेळचा न्यायाधीश यांच्याकडे न्यायचा. अनुवाद १९:१५ सांगते की एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी धरू नये. दोन किंवा तीन साक्षीदार हवेत.

म्हणजे गावचा न्याय गावच्या वडीलजनांच्या हाती होता आणि तो वेशीत, चारचौघांसमोर होत असे. गोव्यातील वाचकाला येथे गांवकरी आठवेल: गावचे मूळ वांगड (घराणी) एकत्र बसून जमीन, बांध, पाणी यांचे निर्णय घेत, आणि पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाच्या १५२६ च्या फोरालात (सनदेत) त्या रीती नोंदवलेल्या आहेत. वेशीतले वडीलजन समजून घ्यायला ही आठवण उपयोगी आहे, पण ती शास्त्याला लावू नये. गांवकराचा अधिकार जन्माने येई; शास्त्याचा जन्माने येत नसे आणि मुलाकडेही जात नसे. म्हणूनच गिदोनाला जेव्हा लोक म्हणतात की तू, तुझा मुलगा आणि तुझा नातू आमच्यावर राज्य करा, तेव्हा तो नकार देतो आणि परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील असे सांगतो (८:२२-२३). त्याच तोंडाने तो लोकांकडून १,७०० शेकेल सोने मागून घेऊन एफोद (याजक म्हणजे पुरोहित घालतात तसे पूजेचे वस्त्र) करतो व तो अफ्रा गावी ठेवतो, आणि लोक त्या एफोदाच्याच भजनी लागतात, हे पुढच्या चार वचनांत वाचायचे राहून जाऊ नये. अबीमलेखाने आपल्या भावांना एकाच दगडावर मारले ती नवव्या अध्यायातील कथा या नकाराची दुसरी बाजू आहे. त्यातून वाचलेला भाऊ योथाम याने सांगितलेली झाडांची गोष्ट, ज्यात जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल राजा व्हायला नकार देतात आणि काटेरी झुडूप तयार होते, ती तेवढी वेगळी काढून मोठ्याने वाचावी.

इफ्ताह : कायदा बोलणारा शास्ता

इफ्ताहाच्या कथेत वाचकाचे लक्ष सरळ नवसाकडे जाते: जिंकून परतल्यावर घरातून जे आधी भेटायला येईल त्याचा होम करीन असे तो बोलतो, आणि भेटायला येते त्याची मुलगी. तसे होऊ देऊ नये, आधी ११:४-२८ नीट वाचावे. वेश्येचा मुलगा म्हणून भावांनी ज्याला घराबाहेर काढले, त्याच्याकडे गिलादाचे वडीलजन संकटात येतात. ते त्याला सेनापती व्हायला सांगतात. तो प्रमुखपदाचा करार करून घेतो आणि मिस्पा येथे परमेश्वरासमोर त्याची उजळणी करतो. मग तो तलवार उपसत नाही, अम्मोनाच्या राजाकडे जासूद पाठवतो. आर्णोनपासून याब्बोकपर्यंतची जमीन कोणाची, हा दावा. इफ्ताहाचे म्हणणे असे की ही जमीन इस्राएलाने अम्मोन्यांकडून घेतली नाही, अमोऱ्यांचा राजा सीहोन याच्याकडून घेतली. तीनशे वर्षे वहिवाट आहे, इतकी वर्षे तुम्ही गप्प का होता? जमिनीचे खटले पाहिलेल्या कोणालाही हा युक्तिवाद परका वाटणार नाही. आणि शेवटी तो म्हणतो की न्यायाधीश परमेश्वर आज इस्राएल व अम्मोन यांच्यामध्ये निवाडा करो (११:२७). हे वचन वहीत मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण सगळ्या कथांमध्ये 'न्यायाधीश' हे नाम एकाच पात्राला लावलेले आढळते आणि ते पात्र बारांपैकी कोणी नाही.

एवढे वाचल्यावर नवसाकडे यावे. परक्या राजाशी पुराव्यानिशी वाद घालणारा हा माणूस आपल्या मुलीच्या बाबतीत मात्र कोणालाही विचारत नाही. नवसात वाहिलेल्या व्यक्तीबद्दल चांदी देण्याची तरतूद लेवीय २७ मध्ये आहे, तिचे नावही निघत नाही. पुढे एफ्राईमी लोकांशी भांडण होते, यार्देन नदी ओलांडायच्या उतारावर 'शिब्बोलेथ' म्हणायला लावून उच्चारावरून माणसे ओळखली आणि मारली जातात, आकडा ४२,००० दिला आहे. बोलण्यावरून पेडण्याचा की काणकोणचा हे हेरणाऱ्या गोंयकाराला उच्चाराची ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. तिचा उपयोग कशासाठी झाला ते मात्र थांबून पाहावे. शास्ता परक्यांपासून सोडवायला उभा राहिला आणि त्याच्या लढायांत मेलेल्यांचा जो एकच आकडा दिला आहे तो आपल्याच माणसांचा.

शमशोन बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून त्याबद्दल एकच सूचना: तो कधीही कोणाला लढायला बोलावत नाही, हे वाचताना ध्यानात ठेवावे. दबोराची हजेरी आणि शमशोनाचे एकटेपण यांमधल्या अंतरात ग्रंथाची सगळी घसरण मावते.

शेवटचे पाच अध्याय

१७ ते २१ या अध्यायांत एकही शास्ता नाही. त्या काळी इस्राएलात राजा नव्हता, ज्याला जे बरे दिसे ते तो करी, अशा अर्थाचे वाक्य मात्र पुन्हा पुन्हा येते. एकोणिसावा अध्याय फार क्रूर आहे. गटाने वाचत असाल आणि गटात शाळकरी मुले असतील, तर तो मोठ्यांनी वेगळा वाचावा. वाचताना १९:२५ आणि २०:४-७ समोरासमोर ठेवावेत. गिबा येथील दुष्टांनी दार ठोठावले तेव्हा तिथे मुक्कामाला आलेल्या एका लेवीची (लेवी वंशातील माणसाची) उपपत्नी बाहेर त्यांच्या हाती दिली गेली, असे पहिले वचन सांगते. मिस्पाच्या सभेत तोच लेवी उभा राहून हकिकत सांगतो तेव्हा हा भाग गाळतो. दुसरा साक्षीदार कोणी मागत नाही, उलटतपासणी होत नाही, जमाव तिथल्या तिथे लढाई ठरवतो आणि गिबा ज्यांचे त्या बन्यामीन वंशातील ६०० पुरुष तेवढे उरतात. गुन्हा खरा होता, आरोपीही खरे होते. तरी वेशीतली रीत मोडली गेली आणि ती सांभाळणारे कोणी उभे राहिले नाही.

यानंतर लगेच रूथ वाचावे. त्याची पहिलीच ओळ शास्त्यांच्या अमलाचा काळ सांगते, आणि चौथ्या अध्यायात बवाज वेशीत जाऊन बसतो, जवळच्या नातलगाला हाक मारतो, दहा वडीलजनांना बसवतो, जमिनीचा प्रश्न मांडतो, नातलग नाही म्हणत जोडा काढून देतो आणि सगळे 'आम्ही साक्षी आहोत' म्हणतात. मिस्पाच्या सभेत जे जे नव्हते ते सगळे या छोट्या व्यवहारात आहे, त्यामुळे दोन्ही उतारे एकाच बैठकीत वाचल्याचा फायदा होतो.

मग १ शमुवेल. एली या याजकाने ४० वर्षे न्याय केला (४:१८). शमुवेल दरवर्षी बेथेल, गिलगाल आणि मिस्पा अशी फेरी करून रामा येथे घरी परते व तिथेही न्याय करी (७:१५-१७); शास्त्याच्या कामाला नियमित वेळापत्रक असल्याचे पहिले चित्र हेच. त्याचे मुलगे योएल आणि अबीया बैर-शेबा येथे लाच घेऊ लागले, आणि लोकांनी राजा मागितला. त्यांची मागणी ८:२० मध्ये शब्दशः पाहावी: आमच्या राजाने आमचा न्याय करावा आणि आमच्यापुढे चालून आमच्या लढाया लढाव्यात. शास्त्याची दोन्ही कामे त्यांनी एका दमात सांगितली आणि ती कायमची एका घराण्याकडे सोपवली. वहीतील निवाड्याचा आणि लढाईचा असे दोन रकाने पुढे शौल, दावीद, शलमोन यांच्यासाठीही चालू ठेवावेत. दोन आयांचा तंटा (१ राजे ३) त्यांतील पहिल्या रकान्यात जाईल, आणि यहोशाफाटाने नगरोनगरी नेमलेले न्यायाधीश (२ इतिहास १९) आले की तो रकाना राजाच्या ओळीतून काढून त्यांच्या नावाने नवी ओळ सुरू करावी लागेल.